देवाच्या उजव्या हाताला

सुकन्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला तेव्हा त्यातला पंखा धाप लागल्यासारखा घरघरत होता.

"आजोबा, रेंडर झालं, चित्र पुरं तयार आहे. बघा आता."

मी चष्मा पुसून घेतला. पडद्यावर आमचं जुनं गाव उभं होतं. उजनीचं पाणी चढलं तेव्हा बुडालं ते गाव. बिरोबाचं देऊळ, समोर दीपमाळ, पलीकडे वाण्याचं दुकान, कौलांवर कोवळं ऊन. विहिरीच्या पाण्यात आभाळसुद्धा दिसत होतं. बघून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण आधी मी चष्मा पुन्हा पुसला. हे फार खरं दिसत होतं. ते कशाच्या आधारावर उभं केलंय, हे मला माहीत होतं.

सुकन्या माझ्या पुतण्याची, जोतीरामची मुलगी. बारामती एमआयडीसीत एका डिझाइनच्या ऑफिसात असते. दूधप्रकल्पाच्या टाक्या, नळ्या, झडपा असं सगळं संगणकावर तीन बाजूंनी उभं करून दाखवायचं तिचं काम. मशीन बनण्याआधी ते हातात धरून फिरवल्यासारखं बघता येतं. दर रविवारी ती भिगवणमार्गे घरी यायची, आणि गेल्या पावसाळ्यात तिच्याच डोक्यात हे आलं की आपलं बुडालेलं गाव असं उभं करायचं. सांगणारी तिची आजी, म्हणजे माझी सारजावहिनी. विचारणारा मी. उभं करणारी ती.

माझी स्वतःची आठवण कुचकामाची. लहानपणीच मला पणदऱ्याला मामाकडे शिकायला ठेवलं, पुढे इंदापूरला ग्रंथालयात नोकरी केली. जुन्या गावात मी सुट्टीपुरता पाहुणा. गावचे लोक मला वाचणारा म्हणून मान देतात, पण वाचलेल्या गोष्टीला आणि पाहिलेल्या गोष्टीला सारखंच वजन नसतं, हे मी त्यांना कधी नीट सांगू शकलो नाही.

सुकन्या आधी एक साधा चौकोनी ठोकळा घ्यायची. त्याचे कोपरे ओढायची, कडा कापायची, आत पोकळी करायची, आणि बघता बघता त्याचं घर व्हायचं. एक कौल नीट घडवलं की त्याच्याच हजारो प्रती करून छप्पर शाकारायची. मग भिंतीवर मातीचा पोत चढवायची. देऊळ मात्र सोपं गेलं. गाव उठलं तेव्हा लोकांनी देवाबरोबर देवळाचे दगड, चौकटसुद्धा गाड्यांवर घालून वर आणली आणि इथं काठाला तसंच्या तसं पुन्हा बांधलं. त्यामुळे सुकन्याने नव्या देवळाचे चहूबाजूंनी फोटो घेतले, मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा पाहिली आणि ते देऊळ उचलून जुन्या जागी ठेवलं. बाकी सगळं गाव त्या देवळाभोवती बसवलं, वहिनी सांगेल तसं.

वहिनी उत्तर-दक्षिण कधी म्हणाली नाही. ती देवाच्या अंगाने सांगायची. "देवाच्या म्होरं दीपमाळ. डाव्या हाताला तालीम. पाठीमागं मेंढरं बसवायचं मोकळं रान. उजव्या हाताला मोटंची विहीर."

"विहिरीला कठडा होता ना?" मी विचारलं होतं.

"व्हता. गाव सोडताना त्येचं दगड लोकांनी घराच्या पायाला नेलं. तोंड उघडंच टाकलं बघ तिचं."

सुकन्याने तरी कठडा दिला. मीच म्हणालो होतो, बरा दिसेल.

तर ते चित्र आम्ही वहिनीला दाखवलं. तिला आता कमी दिसतं. ती पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

"हाय, सगळं हाय," ती म्हणाली. "पर कायतरी येगळंच वाटतंय."

"काय वेगळं?" सुकन्या म्हणाली.

"त्ये मला कुठं सांगता येतंय. घरात आल्यागत वाटत न्हाय एवढं खरं."

जोतीराम हसला. "आये, तुला चाळीस वर्सं झाली ह्या घरात, हितं तरी कुठं घरात आल्यागत वाटतंय तुला?" आणि त्याने ते चित्र लगेच आपल्या फोनवर घेऊन सगळ्या भावकीला पाठवलं. रात्रीपर्यंत ते डाळजपासून इंदापूरपर्यंत फिरत होतं.

त्या वैशाखात धरणाचं पाणी फार खाली गेलं. कित्येक वर्षांत उघडी न पडलेली जमीन उघडी पडली, आणि देवळाच्या पायरीवरून बघितलं की लांब गाळात एक काळसर उंचवटा दिसू लागला. तोच आमच्या देवाचा चौथरा, असं सगळे म्हणू लागले. मूळ ठाण्यावर नैवेद्य न्यायचा, असं भावकीत ठरलं. बायका, म्हातारी माणसं ट्रॉलीत बसणार आणि जोतीराम ट्रॅक्टर हाकणार.

मला ते ऐकल्यापासून झोप लागेना. दोन वर्षांमागे गावातल्या हिंदुरावची म्हैस त्याच गाळात गेली होती. वरून जमीन वाळलेली, भेगा पडलेली. म्हैस चालत होती, आणि पुढच्या क्षणी तिचं फक्त तोंड वर होतं. दोर लावूनही निघाली नाही. तिचं ओरडणं माझ्या खोलीपर्यंत येत होतं, आणि मग येईनासं झालं.

"जोतीराम," मी म्हणालो, "चालत जाऊन आधी बघा कोणीतरी. विहीर अजून उघडी असेल. वर गाळाची साय धरली असेल नुसती."

"तात्या, विहीर तुमच्याच चित्रात हाय की. उगवतीच्या अंगाला. आमी जाणार देवाच्या पाठीमागनं, मेंढराच्या रानातनं. सगळं मोकळं हाय तितं."

"ते चित्र आठवणीवरचं आहे रे. माझा काही भरवसा नाही."

"तुमचं कायम असंच. लग्नाला व्हय म्हणायचं का न्हाय ह्येचा इचार करत बसला, तवर पोरीला दोन पोरं झाली."

सगळे हसले. मीही हसलो. मला कुणाशी हट्ट धरता येत नाही. आपणच चुकत असू, असं मला बोलता बोलताच वाटायला लागतं आणि शब्द आतल्या आत राहतात.

ठरल्या दिवशी सकाळी सुकन्या मासेमारी करणाऱ्यांच्या होडीतून पुढे गेली. चौथरा पाण्याच्या बाजूने जवळ पडत होता, आणि तिला तिथले फोटो आपल्या चित्राशी ताडून बघायचे होते. मी गेलो नाही. ट्रॉलीत जागा नाही असं म्हणालो, पण खरं म्हणजे मला गाळात पाय टाकायचा नव्हता. देवळाच्या पायरीवर आबाजींजवळ बसून राहिलो. आबाजी आमचे पुजारी, वयाने माझ्याहून थोरले. देव एकटा सोडायचा नाही म्हणून तेही मागे राहिलेले.

ट्रॅक्टर काठावरून खाली उतरला. ट्रॉलीत वहिनी मागच्या फळीवर हात टेकून, आमच्याकडे तोंड करून बसली होती. मांडीवर आंबिलीचं भांडं. तिने मला हात केला.

तेवढ्यात फोन वाजला. सुकन्याने फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "चौथरा सापडला आजोबा. देवाच्या जागेवर उभी आहे. समोर दीपमाळेचं बूड."

फोटोत गाळातून वर आलेलं दगडी बूड होतं आणि त्याच्या बरोबर मागे सूर्य. डाव्या कडेला पाण्याची चकाकी.

मी तो फोटो किती वेळ बघत होतो कोण जाणे. चांगला आला होता. पण काहीतरी टोचत होतं, वहिनीला टोचलं होतं तसंच. मग माझ्या लक्षात आलं की मी देवळाच्या पायरीवर बसलोय, देव माझ्या पाठीशी आहे, देव बघतो तिकडेच मी बघतोय, आणि ऊन माझ्या उजव्या गालावर आहे. समोर पाणी आहे. सुकन्याही देवाच्याच जागेवर उभी होती. तिच्या समोर मात्र सूर्य होता, आणि पाणी डाव्या हाताला.

"आबाजी," मी म्हणालो, "जुन्या गावात देवाचं तोंड कुणीकडे होतं?"

ते ताटात भंडारा काढत होते. "उगवतीला. देवाचं दुसरं कुठं असतंय?"

"मग इथं?"

"हितं पाण्याकडं. फिरवला न्हाय का तवा. बुडाल्या गावावर नजर ऱ्हावी म्हणून म्हाताऱ्यांनी देवाचं तोंड फिरवून बसवलं. तुला म्हायती न्हाय? व्हय, तू पणदऱ्याला असशील."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं आणि पुन्हा भंडाऱ्याकडे वळले.

मी डोळे मिटले. सुकन्या माउसने फिरवायची तसं सगळं गाव माझ्या डोक्यात देवाभोवती फिरू लागलं. तालीम फिरली, दुकान फिरलं. मेंढरांचं रान मावळतीला गेलं. विहीर देवाच्या उजव्या हातालाच राहिली, पण तो उजवा हात आता आमच्या काठाकडे होता. ट्रॅक्टर आणि चौथरा यांच्या मधोमध.

जोतीरामला फोन लावला. वाजत राहिला. ट्रॅक्टरच्या आवाजात आणि त्याने लावलेल्या गाण्यात त्याला काय ऐकू येणार. पुन्हा लावला. मग सुकन्याला लावला. तिने उचलला.

"सुकन्या, ट्रॅक्टर थांबव. मधे विहीर..."

"काय? आजोबा, तुटतंय. ट्रॅक्टरला काय झालं?"

"विहीर, विहीर आहे."

पलीकडे काहीच नव्हतं.

मी काठावर आलो. लांबवर चौथऱ्यावर तिचा निळा ठिपका दिसत होता. तो खाली उतरला आणि ट्रॅक्टरच्या दिशेने पळू लागला.

मीच तिला तिकडे पाठवलं होतं. माझं अर्धं वाक्य तिच्यापर्यंत गेलं होतं, आणि ते ऐकून ती ट्रॅक्टर थांबवायला सरळ रेषेत येत होती.

त्यानंतर मी पळालो. ट्रॉलीच्या चाकांच्या खुणेवरूनच पळत होतो, कारण जी जमीन ट्रॉली पेलते ती मला पेलेल, एवढंच डोक्यात होतं. ओरडायचा प्रयत्न केला. आयुष्यभर मी ग्रंथालयात लोकांना हळू बोला म्हणून खुणावत आलो, आणि आता गळ्यातून निघत होता तो खोकला होता. वहिनी माझ्याकडेच बघत होती. तिला मी दिसत होतो की नाही, कळत नव्हतं. मग एका भेगेत पाय अडकला आणि मी तोंडावर पडलो.

पडलेलं माणूस तिला दिसलं. तिने आंबिलीचं भांडं उचलून ट्रॉलीच्या पत्र्यावर हाणायला सुरुवात केली. बाकीच्या बायका ओरडल्या. ट्रॅक्टर थांबला. जोतीराम उडी मारून माझ्याकडे धावत आला.

"तात्या, छातीत दुखतंय का? पाणी आणा रं कुणीतरी."

"पोरीला थांबव."

"आं?"

"विहीर तिच्या वाटेत आहे. थांबव तिला."

तो तसाच वळला आणि ओरडला. त्याच्या बापाने, माझ्या भावाने, मेंढरं राखली; जोतीरामचा आवाज त्याच्यावर गेलाय. "सुके, जागची हलू नगं."

ती थांबली. ट्रॅक्टर आता बंद होता. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांपासून ती हाकेच्या आत होती. मधली जमीन सपाट, राखाडी, भेगाळलेली. कुठेही काही खूण नव्हती. विहीर तिच्या पुढे होती की मागे, की पायाखालीच, हे बघून कुणालाही सांगता आलं नसतं.

जोतीराम हळू आवाजात म्हणाला, "तात्या, कुठं हाय विहीर? तुमी सांगा."

ट्रॉलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी उठून ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभा होतो. चित्रात देवळापासून विहिरीपर्यंत अंतर किती होतं, ते आठवायला लागलो. ते अंतरसुद्धा मीच अंदाजाने सांगितलेलं. वहिनी म्हणाली होती, हंडा भरून आणताना एकदा कमरेवरचा खांद्यावर घ्यायला लागायचा. मी त्यावरून आकडा सांगितला होता. आता त्या आकड्यावर काय ठरवायचं?

"सुकन्या," जोतीराम ओरडला, "माघारी जा. आलीस तशीच, पायाच्या खुणंवरनं."

तो म्हणाला ते शहाणपणाचं होतं. मीही तेच म्हणालो असतो. ती वळली आणि खाली बघत उभी राहिली.

"बाबा," तिचा आवाज बारीक आला, "पायांच्या खुणांत पाणी आलंय."

"सगळ्या खुणांत?" मी विचारलं. माझा आवाज तिच्यापर्यंत जात नव्हता, म्हणून जोतीरामने तो पुढे नेला.

"नाही. लांबच्या कोरड्या आहेत. मधल्या भरतायत. आत्ता भरतायत, दिसतंय मला."

"आणि जवळच्या? तुझ्या पायाजवळच्या?"

ती वाकली. "शेवटच्या दोन कोरड्या आहेत. वाटतं तसं. एक जरा ओली आहे."

पळताना ती विहिरीवरून आली होती. हलकी पोर, पळत होती, म्हणून वरच्या सायीने तिला पेललं. आता ती कडेला उभी होती, अलीकडच्या कडेला. म्हणजे तिने पुढे यायला हवं होतं. पण मी हे सगळं त्या एका ओल्या खुणेवरून ठरवत होतो. ती ओली खूण कडेची होती की आतली? मी चुकलो तर ती माझ्या शब्दावर पाय टाकणार होती. एकदा मी गाव चुकीच्या दिशेला बसवलं होतंच.

"तात्या," वहिनी ट्रॉलीतून म्हणाली, "बोल बाबा."

"पुढे ये म्हणावं," मी म्हणालो. "मागे वळू नको म्हणावं. सरळ पुढे."

जोतीरामने माझ्याकडे बघितलं. तो बाप होता. त्याच्या डोळ्यात मला दिसलं की त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि दुसरं काही सुचतही नाही. मग तो चाकांच्या पुढे पोटावर सरपटत तिच्यापासून पाच-सहा पावलांवर गेला आणि पालथा राहूनच हात लांबवून म्हणाला, "ये. हळू ये. माझ्याकडं बघ."

तिने पहिलं पाऊल टाकलं. टाच टेकल्यावर थोडा वेळ तशीच राहिली. मग दुसरं. जमिनीतून एक बारीक चिरका आवाज आला, आणि ट्रॉलीतल्या बायकांनी बिरोबाचं नाव घेतलं. मी डोळे मिटले नाहीत. मिटायचे होते, पण मिटले असते तर मीच तिला सोडून दिलं असं वाटलं असतं. तिसरं पाऊल. चौथं. पाचव्याला जोतीरामच्या बोटांना तिची बोटं लागली, आणि त्याने तिला इतक्या जोरात ओढलं की ती त्याच्या अंगावर पडली. दोघं तसेच बसून राहिले. ती रडत नव्हती. तिचे दात वाजत होते, त्या उन्हात.

नंतर जोतीरामने ट्रॉलीतली लोखंडी पहार आणली आणि पालथा पडून तो पाणी भरलेल्या खुणांची जागा टोचू लागला. पहिल्यांदा टणक लागलं. दुसऱ्यांदा टणक. तिसऱ्यांदा पहार लोण्यात गेल्यासारखी गेली आणि त्याच्या हातातून सुटली. आम्ही ती पडल्याचा आवाज ऐकायला थांबलो. आवाज आला नाही.

ट्रॅक्टर त्याच खुणांवरून मागे घेतला. नैवेद्य आम्ही तिथेच गाळावर मांडला आणि चौथऱ्याकडे हात जोडले. भांड्यातली आंबील अर्धी सांडली होती. वहिनी म्हणाली, चालतं.

संध्याकाळी सुकन्या लॅपटॉप उघडून बसली. मी नको म्हणत होतो, पण तिचे हात कशात तरी गुंतल्याशिवाय थांबणार नव्हते. तिने देवळासकट सगळं गाव निवडलं आणि एक आकडा टाकला. सगळं गाव एका क्षणात पाव फेरा फिरलं. इतकंच काम होतं. मग तिने पुन्हा रेंडरला लावलं. चित्र तुकड्यातुकड्यांनी भरत आलं. देवाच्या तोंडावर ऊन पडलं. विहिरीत आभाळ दिसू लागलं.

"कठडा काढ," मी म्हणालो. तिने काढला. उघडं काळं तोंड राहिलं.

वहिनीने पडद्याला नाक लावलं. "ह्ये आमचं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी मात्र चित्राकडे बघत राहिलो. ते आधीच्या इतकंच खरं दिसत होतं. तितकंच ऊन, तीच कौलं, तोच मातीचा पोत. आधीच्या चित्रातल्या चुकीवर मी बोट ठेवू शकलो नव्हतो, याच्यात कुठे ठेवू?

"हे सगळ्यांना पाठवते," सुकन्या म्हणाली. "खाली लिहिते, आधीचं चुकीचं आहे, पुसून टाका."

तिने पाठवलं. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. इंदापूरचा कोणी माणूस होता, आमच्या गावातून उठून तिकडे गेलेल्यांच्या घरातला. मी त्याला ओळखत नव्हतो.

"तात्या ना? आमी उद्या येतोय, दोन गाड्या करून. म्हाताऱ्याला जुनं घर दाखवायचंय. तुमचं चित्र हाय आमच्याकडं."

"कुठलं?" मी म्हणालो. "आजचं का आधीचं?"

"दोन आलीत की. पयलं लई झ्याक हाय, विहीर बिहीर नीट बांधलेली. त्येच घेतलंय."

मी त्याला थांबा म्हणालो. गाड्या खाली उतरवू नका म्हणालो. मधे विहीर आहे, आज पोर वाचली म्हणालो. तो हसला. "तात्या, चित्र तुमीच केलंय आन तुमीच भेताय व्हय?" मग त्याला दुसऱ्या कुणाचा तरी फोन आला आणि त्याने माझा ठेवला.

मी लगेच परत लावला. लागला नाही. जोतीराम बाहेर बांबू तासत होता, उद्या विहिरीभोवती रोवायला. मी त्याला म्हणालो, "बांबू ने, पण आधी मला काठावर सोड. उजाडायच्या आत. आबाजींनाही घेऊ. गाड्या उतरतात त्या वाटेवर आडवे बसू."

"तुमी? आडवे?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि माझा आवाज पुन्हा खोकल्यासारखा निघाला.